देवनागरीसाठी बांधलेला कीबोर्ड

मेकॅनिकल कीबोर्डच्या छंदाविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातील बहुतेक चर्चा आवाज, रंग आणि किंमत यांविषयी असते. ‘थॉक’ असा भरीव आवाज कळांखालच्या कोणत्या प्लेटवर चांगला उठतो, कीबोर्डच्या बाहेरच्या खोक्यात फोम घालावा की नाही, स्पेस बारखालच्या स्टॅबिलायझरची खडखड कोणत्या वंगणाने थांबते, हे विषय मलाही मनापासून आवडतात. परंतु इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित मांडणीवर रोज मराठी टंकणाऱ्या माणसाला या छंदाने याहून मोठे काही दिले आहे, आणि त्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले मला फारसे आढळले नाही, म्हणून हे टिपण.

या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो: प्लास्टिकचे घर, वरखाली होणारा दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या पात्या. जर्मनीच्या चेरी कंपनीने 1980 च्या दशकात ‘एमएक्स’ स्विच आणला, आणि त्याच्या दांड्यावरची अधिक चिन्हासारखी खूण पुढे बहुतेकांनी स्वीकारली. आज गेटरॉन, काइल्ह अशा चिनी उत्पादकांचे बहुतेक स्विच त्याच मापाचे असतात. त्यामुळे एकाची कीकॅप, म्हणजे कळीवरची टोपी, दुसऱ्याच्या स्विचवर बसते, आणि हॉट-स्वॅप सर्किट बोर्ड असेल तर डाग न देता, नुसत्या चिमट्याने स्विच बदलता येतो. एमएक्स रेड हा स्विच एकंदर 4 मिलिमीटर खाली जातो, साधारण 2 मिलिमीटरवर कळ नोंदवतो आणि त्यासाठी सुमारे 45 ग्रॅमचा दाब लागतो.

हा दाब मराठी टंकणाऱ्याला का महत्त्वाचा, ते इन्स्क्रिप्टची रचना पाहिली की कळते. ही मांडणी 1986 मध्ये प्रमाणित झाली आणि 1991 च्या भारतीय मानकातही ती आली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, अल्पप्राणाच्या कळीवरच शिफ्टसह महाप्राण, ही तिची शिस्त मला अजूनही सुंदर वाटते. मात्र या शिस्तीची किंमत उजव्या हाताची करंगळी मोजते. ज, ड, च, ट, य ही सगळी अक्षरे तिच्या वाट्याला येतात, आणि शिफ्टसह झ, ढ, छ, ठ हीसुद्धा. रोमन लिपीत त्याच जागी ‘पी’ हे एक अक्षर आणि काही विरामचिन्हे असतात. सर्वांत दुबळ्या बोटाला एवढे काम असताना प्रत्येक कळीचा दाब सारखाच का असावा? जपानच्या टोप्रे कंपनीने आपल्या रिअलफोर्स कीबोर्डच्या काही आवृत्त्यांत 30, 45 आणि 55 ग्रॅम अशा वेगवेगळ्या दाबाच्या कळा दिल्या, त्यांत करंगळीच्या कळा हलक्या ठेवल्या. हॉट-स्वॅप बोर्डवर हेच स्वतः करता येते: करंगळीच्या कळांत 35 ग्रॅमच्या आसपासचे स्विच आणि उरलेल्या कळांत नेहमीचे. संध्याकाळी हात दुखेनासा झाला, तो या एका बदलामुळे.

खरी मोकळीक मात्र फर्मवेअरमध्ये आहे. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचा ‘k’ करायचा की ‘क’, हे संगणकातील भाषेची निवड ठरवते. म्हणून देवनागरीसाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही, आणि म्हणूनच कीबोर्डच्या आतला प्रोग्राम आपल्या हाती असेल तर लिपीची बरीच अडचण तिथेच सोडवता येते. क्यूएमके हे असे मुक्तस्रोत फर्मवेअर आहे. हासू या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी प्रोग्रामरच्या टीएमके या फर्मवेअरवरून जॅक हंबर्ट यांनी ते सुरू केले, आणि पुढे असंख्य हौशी लोकांनी आपला वेळ देऊन ते वाढवले.

त्यातील ‘ऑटो शिफ्ट’ ही सोय इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी किरकोळ आहे: कळ जरा जास्त वेळ दाबून ठेवली की मोठे अक्षर उमटते. इन्स्क्रिप्टवर तिला वेगळाच अर्थ येतो. ‘क’ची कळ टिचकीसारखी दाबली तर ‘क’, दाबून धरली तर ‘ख’. ‘त’चा ‘थ’, ‘प’चा ‘फ’, मात्रेचा पूर्ण स्वर, ‘ल’चा ‘ळ’. ‘विठ्ठल’ लिहिताना एरवी शिफ्ट दोनदा गाठावी लागते आणि मधल्या हलन्तासाठी सोडावी लागते. आता फक्त ‘ट’ची कळ दोन वेळा थोडी अधिक रेंगाळते. मूळ मर्यादा 175 मिलिसेकंदांची आहे, ती आपल्या वेगाप्रमाणे कमी-जास्त करता येते. कळ धरून तेच अक्षर ओळीने उमटवणे मात्र या सोयीत जाते, आणि वेगात इंग्रजी लिहिताना मध्येच मोठी अक्षरे येऊ शकतात, म्हणून ती चालू-बंद करणारी एक कळ बोर्डवर हवीच.

आकाराच्या बाबतीत मात्र माझे या छंदातील प्रचलित मताशी पटत नाही. कमीत कमी कळांचा कीबोर्ड अधिक शुद्ध, अशी एक धारणा तिथे रुजली आहे. कॉर्न हा 42 कळांचा दुभागलेला जपानी कीबोर्ड तिचे उत्तम उदाहरण आहे, आणि रचना म्हणून तो देखणा आहेच. पण इन्स्क्रिप्टमध्ये ‘ड’ आणि ‘ढ’ ‘पी’च्या पलीकडच्या कंसाच्या कळीवर आहेत, ‘ॉ’ त्याच बाजूला टोकाला आहे, आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र व रकार आकड्यांच्या ओळीवर. कॉर्नवर या सगळ्यांना दुसऱ्या थरात जावे लागते (एक खास कळ धरली की बाकीच्या कळांना वेगळी अक्षरे मिळतात, तो थर), म्हणजे साधा ‘गाडी’ हा शब्दही दोन थरांत विभागला जातो. सव्वीस अक्षरांच्या लिपीला जे पुरते ते आपल्या लिपीला पुरावे, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मराठीसाठी आकड्यांची ओळ असलेला, अंगठ्याला दोन-तीन कळा देणारा दुभागलेला कीबोर्ड मला सर्वांत योग्य वाटतो. अंगठ्याची एक कळ मी हलन्ताला दिली आहे; जोडाक्षरांच्या भाषेत तो मान त्यालाच मिळायला हवा.

कीकॅपवर देवनागरी अक्षरे हवी असतील तर डबल-शॉट प्रकार महाग पडतो, कारण त्यात अक्षर दुसऱ्या प्लास्टिकचे असते आणि प्रत्येक अक्षरासाठी साचा लागतो. डाय-सब प्रकारात शाई पीबीटी प्लास्टिकमध्ये मुरवली जाते, तिथे नुसते रेखाचित्र पुरते, त्यामुळे लहान संख्येत काम होते. अशा गोष्टी बहुधा ‘ग्रुप बाय’ने निघतात: ठरलेल्या संख्येइतके लोक आधी पैसे भरतात आणि काही महिने, कधी वर्षाहून अधिक वाट पाहतात. काही विक्रेते मध्येच बंद पडले आणि लोकांचे पैसे बुडाले, हेही या छंदात घडलेले आहे. जेवढे बुडाले तरी चालतील तेवढेच आगाऊ भरावेत.

सध्या माझे लक्ष ‘कॉम्बो’वर आहे. दोन कळा एकदम दाबल्या की तिसरेच काही उमटावे, अशी ही सोय. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ यांतील ‘ऱ्य’ मराठीत सतत येतो आणि त्यासाठी शिफ्टसह ‘र’, हलन्त व ‘य’ अशा कळा लागतात. ‘च्या’साठी चार, त्यांपैकी दोन पुन्हा करंगळीवर. अडचण कळांची जोडी निवडण्याची आहे. वेगाने लिहिताना लागोपाठच्या दोन कळा एकदम दाबल्यासारख्या होतात, त्यामुळे ‘क’ आणि ‘त’ घेतले तर ‘एकत्र’ बिघडतो, ‘द’ आणि ‘ग’ घेतले तर ‘दगड’, ‘ग’ आणि ‘ह’ घेतले तर ‘गहू’. उत्तर लिपीच्या नियमातच आहे: एका व्यंजनाला दोन मात्रा लागत नाहीत. तरीही ‘ा’ आणि ‘ी’ची जोडी चालत नाही, कारण ‘घाई’ लिहिताना त्याच दोन कळा एकामागून एक येतात. ‘ै’ आणि ‘ा’ या शेजारच्या कळा मात्र मराठी शब्दांत तशा क्रमाने मला कुठे सापडल्या नाहीत, म्हणून ‘ऱ्य’ त्यांना दिला. ‘ो’ आणि ‘े’ यांना ‘च्या’. इंग्रजीत याच जोड्या ‘वी’ आणि ‘ॲझ’ या शब्दांच्या आहेत, त्यामुळे भाषा बदलताना कॉम्बो बंद करावे लागतात, आणि क्यूएमकेमध्ये त्यासाठीही तयार कळ आहे. ‘ष्ट’, ‘स्थ’ आणि रफार यांच्यासाठी निर्धोक जोड्या शोधणे चालू आहे. इन्स्क्रिप्ट वापरणाऱ्या कोणी त्या आधीच ठरवल्या असतील तर मला जरूर कळवाव्यात.