निम्मं कळणारे फादर

लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला शेजारच्याच्या हातातलं वाचायची खोड असते. पेपर त्याचा, बातमी आपली. तो पान उलटायला लागला की आपल्यालाच राग येतो, अहो थांबा जरा, माझा अग्रलेख राहिलाय! सोलच्या मेट्रोत ही खोड उपाशी मरते. इथे ज्याच्या त्याच्या हातात फोन, आणि फोनवर कोरियन. मला ती अक्षरं लावून वाचता येतात, पण मी वाक्याच्या क्रियापदापाशी पोचेस्तोवर फोनवाला तीन स्क्रीन पुढे गेलेला असतो. त्यामुळे एका दुपारी दोन नंबरच्या लाइनवर, शिनछोनला चढलेल्या एका सावळ्या तरुणाच्या मांडीवरच्या वहीत देवनागरी दिसली, तेव्हा माझी मान आपोआप लांब झाली.

निळ्या शाईत कोरियन ओळ, तिच्याखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार. अक्षर मोत्यासारखं. कोरियनमधला एक स्वर आपल्या 'ऑ'च्या आसपास जातो, तिथे त्याने चंद्र काढले होते. दुसरा एक आहे, दात मिटून, ओठ फाकवून काढायचा 'उ'. त्याला आपल्याकडे चिन्हच नाही. तिथे त्याने अक्षराच्या पोटाखाली एक आडवी रेघ मारली होती. मला ही रेघ कधी सुचली नव्हती. हेवा वाटला.

"मराठी?" मी विचारलं.

"वसईचा," तो म्हणाला. वसईची माणसं असंच उत्तर देतात. राज्य नंतर, आधी वसई.

आणि नुसता वसईचा नाही, तर फादर. पाठीला कॉलेजच्या पोराची सॅक, पायात कॅनव्हासचे बूट, आणि वहीत जे होतं ती मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, प्रार्थना. हे कळल्यावर माझी जीभ 'तुम्ही'वर गेली; मनात अजून 'तू'च आहे. ते मला पहिल्यापासून ताई म्हणतात.

हापजोंग सोडलं की ही गाडी जमिनीच्या पोटातून वर येते आणि हान नदीवरच्या पुलावर चढते. पुलाला लागूनच एक टेकाड आहे, जॉल्दुसान. फादरांनी बोटाने दाखवलं. 1866 मध्ये तिथे कॅथलिकांची मुंडकी उडवली. त्या मार्गावरून मी रोज ऑफिसला जाते, आणि इतके दिवस मला ते टेकाड म्हणजे फोनला पुन्हा ऊन लागण्याची जागा, एवढंच माहीत होतं.

मग ते सांगत सुटले. वसईच्या माणसाला आपल्या भाषेत बोलायला मिळालं की तो नळ सोडल्यासारखा बोलतो. कोरियात ख्रिस्ती धर्म मिशनऱ्यांनी आणलाच नाही म्हणे. इथल्या काही विद्वानांनी चीनमधून आलेली पुस्तकं वाचली, आणि त्यांच्यातला एकजण 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला. धर्मगुरू मागाहून. फ्रेंच पाद्री आले ते 1836 मध्ये, चोरून, सुतकी माणसाच्या वेषात. बाप गेलेल्या मुलाने तेव्हा जाडंभरडं कापड नेसायचं, खांद्यापर्यंत येणारी मोठी विणलेली टोपी घालायची, वर तोंडापुढे एक कापड धरायचं. आणि त्याच्याशी रस्त्यात कुणी बोलायचं नाही, असा रिवाज. निळे डोळे आणि लांब नाक झाकायला याहून चांगली सोय कुठली? पण गंमत बघा, धर्म सांगायला हजारो मैलांवरून आलेल्या माणसाचं पहिलं काम काय, तर तोंड बंद ठेवणं. 1839 मध्ये त्यांच्यातल्या तिघांना मारलं. फादर हे सगळं वसई-विरारच्या गर्दीची तक्रार करावी तशा सुरात सांगतात.

वसईकराने पूर्वेला जायचं हे तसं जुनंच आहे. गोन्सालो गार्सिया वसईचाच. सोळाव्या शतकात जपानला गेला, व्यापार केला, जपानी फर्डा बोलायला लागला, मग फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि मिशनऱ्यांचा दुभाष्या म्हणून जपानच्या सत्ताधीशापुढे, खुद्द हिदेयोशीपुढे उभा राहिला. 1597 मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. "आमच्याकडे भाषा चांगली येण्याचा शेवट असा झालाय," फादर म्हणाले. "म्हणून मी हळूहळू शिकतोय."

हळूहळू म्हणजे किती, तर पहाटे सहाची मिस्सा, कोरियनमध्ये. सुरुवातीला त्यांना ती अर्थ न कळताच म्हणावी लागे, संध्येतले मंत्र म्हणावेत तशी, बिनचूक. नऊ ते एक भाषेचा वर्ग. दहा आठवड्यांची एक पायरी, 200 तास, वर परीक्षा. वर्गात जपानी, व्हिएतनामी पोरं, के-पॉपने वेड्या झालेल्या युरोपातल्या मुली, आणि कोपऱ्यात हे आणि फिलिपाइन्सची एक सिस्टर. वर्गात जोड्या पाडून संवाद म्हणून घेतात. पुस्तकातल्या सगळ्या तरुणांना कुणी ना कुणी प्रेमी असतं, त्याला इलाज नाही. तेव्हा फादरांनी सिस्टरला "शनिवारी सिनेमाला येतेस का?" विचारायचं, आणि सिस्टरने "या शनिवारी मला जमणार नाही, माझा मित्र सैन्यातून येतोय" असं लाजत सांगायचं. उच्चारांबद्दल दोघांची शिक्षिकेने तारीफ केली.

वाक्यरचनेचा मात्र आपल्याला त्रास नाही. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. 'घरात', 'घरून', 'घराला' सगळं नामाच्या शेपटीला. शेजारची अमेरिकन मुलगी वाक्याची उलटापालट करून घामाघूम होते, आपण नुसते शब्द बदलत जायचं. घाम फुटतो तो मानापमानाला. कुणाशी बोलतोय यावर क्रियापदाचं शेपूट ठरतं. चर्चमधल्या ऐंशीच्या आज्या या तिशीतल्या पोरापुढे कमरेत वाकतात आणि वरच्या पट्टीतल्या आदराने बोलतात. त्यालाही तितकंच वर चढून उत्तर द्यावं लागतं. मग दोघंही शिडीच्या टोकाला उभे राहून हवापाण्याबद्दल बोलतात.

नंतर अधूनमधून भेटी व्हायला लागल्या. मांगवॉनच्या बाजारात सुकट मिळते हे त्यांना मी दाखवलं, तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला. पिशवी तोंडाशी धरून त्यांनी इतका लांब श्वास घेतला की दुकानदारीणबाई घाबरली. तिथेच, सुकटीचे पैसे देता देता, त्यांनी मला रांगेची गोष्ट सांगितली.

नाताळ आणि ईस्टरच्या आधी इथे प्रत्येक कॅथलिकाने कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूपुढे आपली पापं कबूल करायला, जायचं असतं. घरोघर चिठ्ठ्या येतात, जाताना चिठ्ठी जमा करायची. आलं कोण, राहिलं कोण, सगळं कळतं. गर्दी होते म्हणून आजूबाजूचे धर्मगुरू मदतीला बोलावतात. तसं यांनाही बोलावलं. क्षमेची प्रार्थना त्यांना पाठ होती, बाकी देवाच्या हवाली. आणि झालं काय, तर तिथले वयस्कर, प्रेमळ, सगळ्यांच्या ओळखीचे फादर आपल्या खोपटात मोकळे बसलेले, आणि यांच्यापुढे म्हाताऱ्यांची ही भलीमोठी रांग!

"ताई, मला निम्मं कळतं."

"त्यांना ठाऊक आहे का?"

"म्हणून तर येतात."

मला एकदम माटुंग्याच्या मामी आठवल्या. आमच्या शेजारी राहायच्या, तमिळ. जन्म मुंबईत गेला तरी मराठीतलं त्यांना 'कितीला' आणि 'जास्ती आहे' एवढंच यायचं, बाजारापुरतं. माझ्या आजीला तमिळचा गंध नव्हता. दुपारची झाकपाक झाली की मामी कढीपत्त्याची जुडी घेऊन यायच्या, आजी परातीत तांदूळ निवडायला बसायची, आणि दोघी चहाच्या वेळेपर्यंत बोलत राहायच्या. आजी मराठीत, मामी तमिळमध्ये. मी पलंगाखाली चांदोबा वाचत पडलेली असे, म्हणजे वाचत नसे. आमच्या घरात कधीही कुणीही न काढलेला विषय मी तिथे ऐकला: लग्नानंतर वर्षाच्या आत आजी एकदा पहाटे बोचकं घेऊन स्टेशनपर्यंत गेली होती. माहेरची गाडी आली, थांबली, गेली. मग ती परत आली आणि चूल पेटवली. "कुणाला पत्ता लागला नाही," आजी म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून खिडकीबाहेर टाकला. मामी म्हणाल्या, "आमा, आमा." हो, हो. बरोबर जिथे म्हणायला पाहिजे तिथेच.

माझ्या आईला हे सांगावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. आजीने सुनेला सांगितलं नसतं, मुलीला तर नाहीच. आणि समोर बसून ऐकणाऱ्या मामींना 'स्टेशन' सोडून काय कळलं असेल? की सगळंच कळलं असेल?

त्या आज्या काय सांगतात, हे मी फादरांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. पण या बायकांच्या वयाचा हिशेब मी मनात केला. आज ऐंशीच्या पुढे म्हणजे 1950 च्या कोरियन युद्धात लहान पोरी. सोल एका वर्षात चार वेळा हातातून हातात गेलं होतं. पुढचं मी मोजलं नाही.

परवा फादर डबा परत द्यायला आले. सुकटीच्या चटणीचा होता, घासूनपुसून, आत रिकामा पाठवू नये म्हणून इथले गोड पर्सिमन. वरची परीक्षा पास झाले म्हणाले, शिक्षिकेने पेढ्यासारखं काहीतरी वाटलं.

"मग आता तुमची रांग कमी होणार," मी म्हटलं.

ते हसले नाहीत.

"रांग तेवढीच आहे, ताई. त्यांना वाटतं अजून निम्मंच कळतं."

"आणि?"

"आणि काय. रात्री झोप लागत नाही. मग उठून व्याकरण करतो."