जेल लावताय, पण कॅप्सूल घेताय ना?

केमिस्टकडून प्रोजेस्टेरॉनचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, आणली की त्यात बहुतेक वेळा 10 कॅप्सूल निघतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मात्र महिन्यातले 12 किंवा 14 दिवस लिहिलेले असतात. पत्ता संपला म्हणजे कोर्स संपला, असं समजून दहाव्या दिवशी थांबणं फार सोपं आहे. पाळी जाताना किंवा गेल्यावर घ्यायच्या हॉर्मोन उपचारात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं उशी भिजणं, तीन वाजता टक्क जाग येणं हे सगळं थांबवतं ते इस्ट्रोजेन, बहुधा कातडीवर लावायच्या जेलमधलं. पण तेच गर्भाशयाचं अस्तरही वाढवत राहतं. त्याला आवर घालतं प्रोजेस्टेरॉन. आवर घालणारं कुणी नसेल तर अस्तर जाड होत जातं आणि काही वर्षांत त्यातून कर्करोगही होऊ शकतो. जेलचा फायदा पंधरा दिवसांत अंगाला कळतो, कॅप्सूलचा कधीच कळत नाही. उलट तिनं गुंगी येते, कोर्स संपला की दोन-तीन दिवसांत पाळीसारखं रक्त जातं. मग बाई जेल चालू ठेवते आणि कॅप्सूल सोडते. असं करू नका. कॅप्सूल सोसत नसेल तर दोन्ही थांबवून डॉक्टरांना गाठा. गर्भाशय काढलेलं असेल तर सहसा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं, पण आधी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) असेल तर ते सांगायचंच.

पाळी अजून अधूनमधून येत असेल तर मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक कण केलेलं) प्रोजेस्टेरॉन 200 मिलिग्रॅम, महिन्यातले 12 ते 14 दिवस. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर 100 मिलिग्रॅम, रोज. दोन्ही वेळा झोपतानाच. गुंगीचा उपयोगच होतो, झोप लागते. काही ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर खोक्यावर वाचून घ्या. दुकानदारानं त्याच नावाची ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी) गोळी बदली दिली तर घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला जी 5 मिलिग्रॅमची नॉरएथिस्टेरॉनची गोळी घरोघरी माहीत आहे, ती या कॅप्सूलच्या जागी स्वतःच्या मनानं चालवायची नाही.

आता जेल. 0.06 टक्के इस्ट्राडिओलचं (हे इस्ट्रोजेनच) जेल 2.5 ग्रॅम लावलं की त्यात 1.5 मिलिग्रॅम इस्ट्राडिओल असतं. सुरुवात बहुधा निम्म्यानं, 1.25 ग्रॅमनं होते. ट्यूबबरोबर मिळणारी मोजायची पट्टी फेकू नका. बोटाच्या अंदाजानं लावलं की हमखास कमी पडतं. 80 ग्रॅमची ट्यूब रोज 2.5 ग्रॅमच्या हिशेबानं 32 दिवस जाते. ती तीन महिने पुरत असेल, तर ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीचं उत्तर ट्यूबमध्येच आहे.

आंघोळीनंतर, कोरड्या कातडीवर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरायचं. छातीवर कधीच नाही. चोळून जिरवायचं नाही, पाचेक मिनिटं वाळू द्यायचं. त्यात अल्कोहोल असतं, म्हणून वाळेपर्यंत गॅस पेटवू नका, देवापुढचं निरांजनही नको. हात साबणानं धुवा. तासभर त्या जागेला कुणाची कातडी लागू नये, विशेषतः नातवंडांची. बाहीचा ब्लाउज घालून मगच उचलून घ्या. त्या जागेवर तेल किंवा क्रीम लगेच लावायचं नाही. आणि इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर, ट्यूब आणि कॅप्सूल स्कूटरच्या डिक्कीत विसरू नका. कॅप्सूल चिकटून बसतात.

जेलऐवजी 1 किंवा 2 मिलिग्रॅमची इस्ट्राडिओल व्हॅलेरेटची गोळी स्वस्त पडते आणि कामही करते. पण गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि रक्त गोठण्याची शक्यता वाढवते. नेहमीच्या मात्रेत जेलमुळे तशी वाढ दिसलेली नाही. वजन जास्त, बीपी, मायग्रेन, घरात कुणाला पायाच्या शिरेत गाठ झालेली, अशा वेळी जेलचाच आग्रह धरा. थायरॉईडची गोळी घेत असाल तर आणखी एक गोष्ट: इस्ट्रोजेन तोंडावाटे घेतलं की थायरॉईडच्या गोळीची गरज वाढू शकते. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासा, नाहीतर थकवा, जडपणा मेनोपॉजच्या खात्यावर लिहिला जातो.

स्तनाचा कर्करोग झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, चालू यकृताचा आजार, लकवा, हार्ट अटॅक किंवा रक्ताची गाठ होऊन गेलेली, यांपैकी काही असेल तर हा उपचार सहसा देत नाहीत. बाकीच्यांनी बीपी, साखर, स्तनांची तपासणी करून सुरू करावा. पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असताना एफएसएचवर (पाळी जायला आली का ते बघायच्या रक्ततपासणीवर) पैसे घालवायची गरज नसते. हा उपचार गर्भनिरोधक नाही, हेही लक्षात असू द्या.

2002 साली या उपचारावरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि तेव्हापासूनची धास्ती अजून ओसरलेली नाही. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि औषधही वेगळं होतं. स्तनाचा कर्करोग औषध न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला 30 जणींना झाला, घेणाऱ्यांत 38 जणींना. वाढ खरी आहे, लपवायची नाही. पण पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत आणि साठीच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायद्याचं पारडं जड राहतं, हे आज मान्य आहे. चाळिशीच्या आधी पाळी गेली किंवा अंडाशय काढले, तर हाडांसाठी आणि हृदयासाठी पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी हॉर्मोन घेणं बहुतेकींच्या हिताचं. तिथे टाळणंच जास्त नुकसानीचं.

रोजच्या कॅप्सूलवर पहिले तीन ते सहा महिने रक्ताचे डाग पडतात. ते चालतं. सहा महिन्यांनंतरही पडत राहिले, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघून घ्या, गरज पडली तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

आणि ज्या त्रासाबद्दल कुणी तोंड उघडत नाही तो. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीची जळजळ, दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिक. यासाठी योनीत लावायची 0.1 टक्के इस्ट्रिओलची (हेही एक इस्ट्रोजेन) क्रीम असते: रोज रात्री अर्धा ग्रॅम, दोन-तीन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात अगदी थोडी जाते, म्हणून हिच्याबरोबर कॅप्सूल लागत नाही. फरक पडायला तीन महिनेही लागतात, आणि बंद केली की त्रास परततो. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. एरवी सत्तरीतल्या सासूबाईंनाही सुरू करता येते.