उबुंटूवर देवनागरी फॉन्ट नेमण्याचा माझा अनुभव

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर इंग्रजी मजकुरासाठी त्याच नावाचा ‘उबुंटू’ हाच फॉन्ट ठेवावा आणि मराठी मजकूर मात्र मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेल्या ‘मुक्ता’त दिसावा, एवढीच माझी अपेक्षा होती. यंत्रावर लोहित, गार्गी, नकुल, सहदेव असे बरेच देवनागरी फॉन्ट असल्यामुळे कोणत्या ठिकाणी कोणता उमटेल याचा नेम नव्हता.

प्रथम अर्थातच ग्नोम या उबुंटूच्या डेस्कटॉपचे ‘ट्वीक्स’ हे सेटिंग बदलण्याचे साधन उघडले. तेथे इंटरफेस, दस्तऐवज आणि मोनोस्पेस (सारख्या रुंदीची अक्षरे) अशा प्रत्येक कामासाठी एक चौकट असते आणि तिच्यात एकच फॉन्ट निवडता येतो. मुक्तात रोमन अक्षरेही असल्यामुळे तो निवडताच इंग्रजीचेही वळण बदलले. मला सांगायचे होते ते ‘आधी हा, यात अक्षर नसेल तर तो’ असे, म्हणजे एक क्रम. आणि क्रम सांगण्याची सोय त्या चौकटीत नाही.

तो क्रम ठरवते फॉन्टकॉन्फिग, म्हणजे कोणत्या मजकुराला कोणता फॉन्ट द्यायचा हे पाहणारी लिनक्सवरील व्यवस्था. तिच्या साध्या मजकुराच्या एक्सएमएल फाइली ‘/ईटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ.डी’ या फोल्डरमध्ये असतात, नावाआधीच्या आकड्यानुसार वाचल्या जातात आणि त्यांतली 50 क्रमांकाची फाइल वापरकर्त्याची स्वतःची फाइल आत घेते. त्या स्वतःच्या फाइलमध्ये मी ‘उबुंटू’साठी एक ‘एलियस’ (एका फॉन्टला दुसरा जोडणारी नोंद) लिहिला. येथे ‘प्रिफर’ लिहिले तर नवा फॉन्ट मूळ फॉन्टच्या आधी लागतो आणि ‘ॲक्सेप्ट’ लिहिले तर नंतर; मला नंतर हवा होता. टर्मिनलमध्ये ‘एफसी-मॅच’ ही आज्ञा ‘-एस’ पर्यायासह चालवली की फॉन्टची उतरती यादी दिसते, आणि तीत उबुंटूच्या पाठोपाठ मुक्ता आलेला पाहिल्यावरच मी बाकीचे प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केले.

एवढ्यावरून सेटिंगच्या खिडक्या कुचकामी असतात असे मात्र मी म्हणणार नाही. फायरफॉक्सच्या फॉन्टविषयक प्रगत सेटिंगमध्ये लिपीनुसार निवड करता येते. देवनागरी निवडायची, फॉन्ट नेमायचा, काम झाले. ही निवड ज्या ‘प्रेफ्स.जेएस’ फाइलमध्ये साठते तीही मजकुराचीच आहे, पण ब्राउझर चालू असताना तिच्यात केलेले बदल तो बंद होताना पुसले जातात, अशी सूचना तिच्या माथ्यावरच दिलेली असते. मजकुराची फाइल आहे म्हणून ती आपल्या हातची असतेच असे नाही.

पुढे दुसऱ्या लॅपटॉपवर हीच मांडणी करताना फॉन्टकॉन्फिगची फाइल, कोणती ओळ कशासाठी आहे हे सांगणाऱ्या माझ्या मराठी टिपांसकट, नुसती नकलून घेतली. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या लेखनाच्या प्रोग्राममधली निवड मात्र खिडकीतूनच पुन्हा केली. ग्नोमच्या सेटिंग ‘डीकॉन्फ’ या त्याच्या साठवण-व्यवस्थेच्या बायनरी, म्हणजे थेट वाचता न येणाऱ्या, फाइलमध्ये असल्यामुळे त्या ‘डीकॉन्फ डम्प’ने मजकुराच्या रूपात काढून घेतल्या आणि ‘डीकॉन्फ लोड’ने तिकडे चढवल्या.