तुम्ही विचारलंत म्हणून: लोहिया आले नसते तर?

मडगावच्या लोहिया मैदानावर पाहुण्यांना घेऊन गेलो की हा प्रश्न हमखास येतो: जून 1946 मध्ये डॉ. राममनोहर लोहिया आले नसते, तर गोव्याची चळवळ उभी राहिली असती का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

लोहिया गोव्यात आले ते विश्रांतीसाठी. लाहोरच्या किल्ल्यातील छळाने ढासळलेली प्रकृती सुधारावी, म्हणून ते असोळण्याला आपले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी उतरले होते. तेथे भेटायला येणाऱ्यांकडून त्यांना कळले की साधी लग्नपत्रिका छापायची, तरी मजकूर आधी पोर्तुगीज सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो. या लग्नपत्रिकेपाशी मी नेहमी थांबतो. सभाबंदीचा जाच कार्यकर्त्यांना होतो. पत्रिकेची परवानगी मात्र राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या मुलीच्या बापालाही मागावी लागे, आणि नागरी स्वातंत्र्य म्हणजे काय हे त्याला समजावून सांगण्याची गरजच उरत नसे.

18 जूनला, ऐन पावसाळ्यात, बंदी मोडून सभा भरली. पिस्तूल रोखणाऱ्या अधिकाऱ्याचा हात धरून लोहियांनी त्याला बाजूला केले. भाषण ज्यांना धड ऐकूही आले नसेल, त्यांनीसुद्धा हे डोळ्यांनी पाहिले. नेत्याचे तेज म्हणतात ते मला त्या एका कृतीत दिसते.

लोहियांना अटक झाली, सुटका झाली, पुढे गोव्यात येण्यास बंदीही झाली. मात्र 1928 मध्येच गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा येथेच होते. त्यांना, तसेच पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि डॉ. राम हेगडे यांना शिक्षा ठोठावून थेट पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले, तरी सत्याग्रह विझला नाही. मे 1955 मध्ये ना. ग. गोरे यांच्याबरोबर सेनापती बापट हद्द ओलांडून आले, तेव्हा त्यांचे वय 74 होते. त्याच वर्षी 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक जण मारले गेले.

गोवा अखेर 19 डिसेंबर 1961 रोजी भारतीय सैन्याने मुक्त केला, हेही सांगितलेच पाहिजे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यापुढे सत्याग्रह एकटा पुरला नाही.

तेव्हा माझे उत्तर असे की लोहिया आले नसते तरी चळवळ झाली असती, कारण कुन्हांनी जमीन आधीच नांगरली होती; पण भीती मोडायला आणखी किती पावसाळे लागले असते, कोण जाणे. मैदानावरून निघताना मी पाहुण्यांना पेनिशला धाडलेल्यांची नावे आवर्जून सांगतो. बहुतेकांनी ती पहिल्यांदाच ऐकलेली असतात.