बिलावरची सवलतीची ओळ : आमची वाटचाल

आम्ही दोघी मैत्रिणींनी २०१३ मध्ये ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या घराच्या एका खोलीत पॅकेजिंग आर्टवर्कचे काम सुरू केले. मसाले, पापड, लोणची आणि फरसाण बनवणाऱ्या लहान उत्पादकांसाठी पाउच, लेबले आणि खोकी यांची मांडणी करून छपाईला थेट पाठवता येईल अशी फाइल तयार करून देणे, हे तेव्हाही आमचे काम होते आणि आज वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात सहा जण मिळून आम्ही तेच करतो. रंग, मजकूर, निव्वळ वजन, शाकाहाराचे हिरवे चिन्ह या सगळ्याबाबत आम्ही पहिल्या दिवसापासून काटेकोर होतो. बिल किती करायचे, कधी करायचे आणि सूट कोणाला द्यायची, हे मात्र पहिली सहा वर्षे समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून ठरत असे.

त्याची किंमत कशी मोजावी लागली, ते २०१४ च्या एका कामावरून सांगते. तुर्भ्याच्या मसाला बाजारात माल देणाऱ्या एका उत्पादकाने आमच्याकडे आठ पाउचांचे काम आणले. आमचा दर पाउचमागे ४,००० रुपये, म्हणजे एकूण ३२,००० होत होते. पहिलेच मोठे काम, ट्रान्स-हार्बर लोकलने दहा वेळा जाऊन मिळवलेले, आणि समोरून शब्द आले, ‘ताई, शेवटचं काय ते सांगा.’ मी २४,००० सांगितले. बिलावरही ‘आठ पाउच आर्टवर्क, २४,००० रुपये’ एवढेच लिहिले. चार महिन्यांनी तेच गृहस्थ आणखी पाच पाउच घेऊन आले, तेव्हा त्यांच्या दृष्टीने आमचा दर ३,००० रुपये होता आणि सवलतीची बोलणी त्याच्या खाली सुरू झाली. त्यांनी माझ्याशी लबाडी केली असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या हातातल्या कागदावर ४,००० हा आकडा कुठेच नव्हता. पुढच्या वर्षभरात त्याच बाजारातून आमच्याकडे आलेल्या तीन ग्राहकांनीही ३,००० हाच आकडा ऐकलेला होता. पहिल्या भेटीचा मान म्हणून दिलेली सूट एका अख्ख्या बाजारापुरता आमचा दर होऊन बसली.

आमचे आजचे धोरण या अनुभवातून आले आहे. बिलावर पूर्ण दर लिहायचा, त्याच्या खाली सवलतीची वेगळी ओळ लिहायची, सवलत कशाबद्दल दिली ते त्या ओळीत नोंदवायचे आणि मग निव्वळ रक्कम काढायची. कारण लिहिता येत नसेल, तर ती सवलत द्यायची नाही. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण ‘ग्राहकाने मागितली म्हणून’ हे कारण बिलावर लिहायला हात धजत नाही, आणि तेवढ्यानेच आमच्या निम्म्या सवलती बंद झाल्या.

२०१९ मध्ये आमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली आणि जीएसटीची नोंदणी घ्यावी लागली. तेव्हा या नियमाला कायद्याचेही पाठबळ आहे हे आमच्या सीएंनी समजावून सांगितले. सेवा देण्यापूर्वी किंवा देताना दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते. सेवा दिल्यानंतरची सूट मात्र, तेव्हाच्या नियमानुसार, आधीपासून ठरलेली असेल, विशिष्ट बिलाशी जोडता येत असेल आणि ग्राहकाने तेवढ्या भागाचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची आपल्या करातून मिळणारी वजावट) परत केले असेल, तरच वजा धरता येत असे. म्हणजे ग्राहकाने पैसे देताना आपल्या मनाने दोन हजार कापले, तर त्या दोन हजारांवरचा १८ टक्के करही आमच्याच खिशातून जातो. ‘राउंड फिगर करा’ ही विनंती आम्ही आता फक्त कोटेशनच्या वेळी ऐकतो. बिल निघाल्यावर तिच्यासाठी जागा उरत नाही.

त्याच सुमारास आणखी एक मागणी वरचेवर येऊ लागली. आमचे बरेच ग्राहक कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत आहेत; त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे आमच्या बिलावरचा १८ टक्के कर हा त्यांच्यासाठी सरळ खर्च ठरतो. ‘जीएसटी तुमच्या दरातच धरा’, असे ते म्हणत, आणि त्यांची अडचण खरी असल्यामुळे आम्ही काही महिने तसे केलेही. नंतर हिशेब मांडला, तेव्हा ४,००० रुपयांत कर धरला तर आमच्या हाती सुमारे ३,३९० रुपये राहतात, म्हणजे न सांगता, न लिहिता १५ टक्के सूट दिली जाते, हे लक्षात आले. आता कोटेशनवरच दर, कर आणि एकूण रक्कम अशा तीन ओळी असतात. त्या वाचून जे थांबतात, ते कामापूर्वीच थांबतात.

उधारीचा खर्च आम्हाला याहूनही उशिरा कळला. बिल निघाले की त्यावरचा कर, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, मासिक विवरणपत्राबरोबर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. मार्चच्या बिलाचे पैसे जूनमध्ये आले, तर मधले दोन महिने आमचे स्वतःचे पैसे सरकारजमा असतात. म्हणून आमची मुख्य सरसकट सवलत पैशांच्या वेळेशी जोडलेली आहे: कामापूर्वी पूर्ण रक्कम भरल्यास ५ टक्के. आगाऊ रकमेवरही कर लगेच द्यावा लागतो, पण तो हातात आलेल्या पैशातून जातो. अन्यथा निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली अंतिम फाइल देण्यापूर्वी, हा क्रम आहे. फक्त ज्या कंपन्या पर्चेस ऑर्डर देतात त्यांना ३० दिवसांची मुदत मिळते.

त्या मुदतीमागे एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा, २००६ आहे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. आम्ही २०२१ मध्ये या कायद्याखालची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केली आणि तो क्रमांक बिलावर छापू लागलो, पण ग्राहकांकडे त्याचा परिणाम दिसला तो मार्च २०२४ मध्ये. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद आल्यामुळे, मुदत उलटूनही वर्षअखेरीस थकलेली अशी रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येईना, आणि महाप्याच्या एका कंपनीच्या हिशेबनीसांनी आपणहून फोन करून आमचे प्रमाणपत्र मागितले. व्याज आम्ही आजवर कोणाकडूनही घेतलेले नाही. मात्र तो उद्यम क्रमांक बिलावर असल्यामुळे आठवण करून देताना आवाजात विनवणी येत नाही.

टीडीएसचाही, म्हणजे पैसे देणाऱ्याने बिलातून आधीच कापून आमच्या नावे भरायच्या आयकराचाही, येथे उल्लेख करायला हवा, कारण सुरुवातीला आम्ही तो ग्राहकाने कापलेली सूट समजत होतो. बिल ६०,००० चे, त्यावर कर १०,८००, एकूण ७०,८००. ग्राहकाने ६०,००० वर १० टक्के, म्हणजे ६,००० कापून ६४,८०० पाठवले, तर हिशेब पूर्ण झाला. ते ६,००० आयकर खात्याच्या नोंदीत आमच्या नावावर जमा दिसतात. दिसले नाहीत, तर मात्र लगेच पत्र जाते.

पाउचच्या कामात सर्वाधिक पैसा करेक्शनमध्ये झिरपतो. ग्रॅव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरला जातो आणि एक अक्षर बदलायचे तरी तो रंग पुन्हा कोरावा लागतो, म्हणून ग्राहक शेवटपर्यंत बदल सुचवत राहतात. त्यांची भीती रास्त आहे. आमच्या दरात दोन फेऱ्या धरलेल्या आहेत. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येकी ५०० रुपये लागतात, आणि सिलिंडरला फाइल जाण्यापूर्वी प्रूफवर, म्हणजे तपासणीच्या नमुन्यावर, ग्राहकाची सही घेतली जाते. जुन्या ग्राहकाला तिसरी फेरी सोडून द्यायची असेल, तर तीही बिलावर ५०० रुपये लिहून, सवलतीच्या ओळीत वजा करून सोडायची. आम्ही काय सोडले, हे त्यांना आणि आम्हाला दोघांनाही कळले पाहिजे.

इतर सवलती दोनच आहेत. दिवाळीच्या फराळाचा सगळा मजकूर जुलै अखेरीपर्यंत दिला तर ५ टक्के, कारण सप्टेंबरातल्या रात्रपाळ्या त्यामुळे वाचतात. महिला बचत गटाच्या पहिल्या उत्पादनाला ४० टक्के. यात व्यवहार कमी आहे आणि आम्हा दोघींची इच्छा अधिक, म्हणून तिची वर्षभराची मर्यादा एप्रिलमध्येच ठरवतो. नात्यातल्या कामाला वेगळी सूट नाही. हे पहिल्यांदा माझ्या मामांना सांगताना मला रात्रभर झोप लागली नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशी पूर्ण रक्कम भरली आणि दोन फेऱ्यांत काम संपवले.

२०१४ च्या त्या गृहस्थांना आम्ही २०१९ मध्ये नवे दरपत्रक पाठवले. त्यांनी उत्तर दिले नाही आणि ते परतही आले नाहीत. त्यांचे पाउच गोखले रोडवरच्या किराणा दुकानांत अजून दिसतात, त्यांवरची मांडणी आमची आहे. त्या वर्षी एकूण चार ग्राहक गेले आणि दिवाळीपर्यंत महिन्याचा खर्च भागवताना ओढाताण झाली. आज आमचा पाउचचा दर ६,५०० रुपये आहे. येत्या एप्रिलसाठी आमच्या दोघींत एकच मुद्दा अनिर्णित आहे: बचत गटाच्या दुसऱ्या उत्पादनालाही काही सूट द्यावी, असे माझ्या भागीदार मैत्रिणीचे म्हणणे आहे, आणि ओळीत कारण काय लिहायचे, ते आम्ही अजून शोधत आहोत.