विरी गेलेलं पीठ

भाकरी परातीतून उचलताना मधोमध चिरली, की मनात पहिलं वाक्य उमटतं: "मला मेलीला काहीच धड जमत नाही." चिरली एक भाकरी, निकाल लागला अख्ख्या जन्माचा. खरं तर गिरणीतून आणून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा मुळातच नाही, त्यात पीठ जुनं. कढत पाण्यात भिजवून तळहाताने चांगलं रगडलं की तेच पीठ थापलं जातं.

अशी वाक्यं आपण विचार करून बोलत नाही, ती आपोआप येतात. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात याच आपोआप येणाऱ्या विचारांवर उपचारपद्धती उभी केली. त्यातली एक सवय घरी, किराण्याच्या बिलाच्या पाठीवरही करता येते.

वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, शिवीसकट. "वाईट वाटलं" एवढ्यावर भागत नाही. ते भावनेचं नाव झालं, तपासायचंय ते वाक्य. मग त्यातल्या 'कधीच', 'नेहमी', 'काहीच', 'सगळं' या शब्दांभोवती गोल करायचा. खोट बहुतेक तिथंच असते. त्याखाली फक्त घडलेलं लिहायचं, शेजाऱ्यानेही मान डोलवावी इतकं साधं.

समजा, सोयाबीनची दुबार पेरणी आली. मन म्हणतं, "मला शेतीतलं काही कळत नाही." त्याखाली येईल: "पहिल्याच पावसावर पेरलं. नंतर पावसाने दडी मारली. चारपैकी दोन एकर उगवलं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबायला हवं होतं, ही चूक माझी. पावसाने दडी मारली, ती माझी नाही." यात स्वतःला सूट दिलेली नाही. चूक तिच्या मापाची झाली आणि पुढच्या मृगात काय करायचं तेही हाती आलं. "काही कळत नाही" या वाक्यातून असं काय निघणार होतं?

इथं बरेच जण घाई करतात आणि थेट गोड वाक्यावर उडी मारतात. आरशासमोर "मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे" म्हणायचं फॅड त्यातलंच. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वूड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात, स्वतःबद्दल आधीच कमी मत असलेल्यांना अशी वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. मन काही खुळं नाही. पटत नसलेलं ऐकलं की ते लगेच उलट पुरावे काढतं. विचार दाबूनही उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, तर अस्वल हटेचना.

म्हणून नवं वाक्य आधी खरं हवं, मग मायेचं. माया कुठून आणायची? शेजारच्या लेकराची भाकरी चिरली तर आपण काय म्हणतो? "होतं गं माय, पाणी अजून कढत घे." तेच, त्याच आवाजात. स्वतःला नावाने हाक मारून बोललं तर आणखी सोपं जातं. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं बोलणाऱ्यांचा ताण कमी राहिला.

हे दिवसाउजेडी करावं. रात्री दोन-तीनला मन कुठलाच पुरावा मानत नाही. तेव्हा वाक्य नुसतं टिपून ठेवायचं. दोन दिवस लिहायचं राहिलं तर "हेही जमलं नाही" असं नवं वाक्य हमखास येतं. तेही उतरवायचं. मात्र दोन आठवडे मन खालीच असेल, झोप उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर कागदावर विसंबू नये. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

जालना जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांनी मनाला दोनशे पाच श्लोक ऐकवले. त्यात कौतुक थोडं, कानउघाडणीच जास्त. पण हाक मारली ती 'मना सज्जना' अशी. आपण मात्र सुरुवातच 'मुडद्या'पासून करतो.