शहरातला आकडा, महामार्गावरचा आकडा

सुरुवातीच्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांचे मायलेज सांगताना बहुतेक जण एकच आकडा सांगून मोकळे होतात. मला मात्र शहरातला आणि महामार्गावरचा असे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय गाडीचा स्वभाव कळत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) पहिल्या होंडा इनसाइटच्या मॅन्युअल गिअरच्या गाडीला गॅलनमागे शहरात ६१ आणि महामार्गावर ७० मैल दिले होते, म्हणजे लिटरला सुमारे २६ आणि ३० किलोमीटर. २००१ च्या टोयोटा प्रियसला मिळाले ५२ आणि ४५, म्हणजे सुमारे २२ आणि १९. दोन्ही गाड्या हायब्रिडच, पण शहराबाहेर पडल्यावर एकीचा आकडा चढतो आणि दुसरीचा उतरतो.

इनसाइटची खरी बचत तिच्या अंगकाठीत होती. ॲल्युमिनियमची बॉडी, दोनच आसने, झाकलेली मागची चाके, जेमतेम साडेआठशे किलो वजन आणि एक लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन. तिची मोटर इंजिनाला हातभार लावण्यापुरतीच होती. ती काढून टाकली असती, तरी गाडी काटकसरीच राहिली असती. प्रियस पाच जणांची, साधी चार दारांची गाडी. तिच्या दीड लिटरच्या ॲटकिन्सन चक्राच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, उशिरा मिटतो, त्यामुळे इंधनातून अधिक काम मिळते, पण त्या बदल्यात जोर कमी पडतो. ती उणीव विजेची मोटर भरून काढते आणि सिग्नलला किंवा रेंगाळत्या रहदारीत, जिथे इंजिन सर्वांत वाईट काम करते, तिथे ते चक्क बंद राहते. बॅटरीतून फुकट ऊर्जा मिळते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. गाडीत शिरणारी सगळी ऊर्जा पेट्रोलचीच.

ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी फिरून वीज बनवते. ब्रेकमधून परत मिळणाऱ्या या विजेचेही तसेच. तेराशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असताना तिची गतिज ऊर्जा साधारण ५० वॅट-तास असते. एवढे काम चाकांपर्यंत पोहोचवायला इंजिनाला अठरा-वीस मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे चार चमचे लागतात, आणि ब्रेक लावल्यावर त्यातला काही भागच बॅटरीत परत येतो. प्रत्येक थांब्याला दोन-एक चमचे वाचले, तर दिवसभराच्या थांब्यांनी हिशेब बरा जमतो. महामार्गावर ब्रेकच क्वचित लागतो, मग वाचवायचे काय?

मी बरीच वर्षे एक जुनी हायब्रिड गाडी चालवली. तिच्या पडद्यावर दर पाच मिनिटांच्या मायलेजचा एक उभा पट्टा उमटत असे. सकाळचा पहिला पट्टा लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या वर सहसा जात नसे आणि चौथा मात्र वीस ओलांडत असे. कारण साधे आहे: धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिन तापेपर्यंत गाडी थांबलेली असली, तरी इंजिन सुरूच राहते. हा प्रत्येक फेरीचा ठरलेला कर. तीन किलोमीटरच्या फेरीत तो डोईजड होतो, तीस किलोमीटरच्या फेरीत जाणवतही नाही. मायलेज हलक्या पायावर अवलंबून असते असे सगळे सांगतात, पण माझ्या अनुभवात फेरीच्या लांबीने त्याहून जास्त फरक पडला.

ईपीएची जुनी चाचणी फार सौम्य होती. २००८ च्या मॉडेलांपासून तिच्यात कडाक्याची थंडी, एसी आणि अधिक वेग यांचा हिशेब धरला जाऊ लागला. आधीच्या गाड्या पुन्हा तपासल्या नाहीत. त्यांच्या जुन्याच निकालांवर सूत्र लावले गेले. त्या सूत्रात दर मैलामागे ठराविक पेट्रोल जास्तीचे धरले जाते. पुन्हा कर आलाच, आणि तो कमी पिणाऱ्या गाडीलाच अधिक झोंबतो: एरवी भरपूर पेट्रोल पिणाऱ्या गाडीला घोटभर जास्त लागले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रियसचे ५२ आणि ४५ उतरून ४२ आणि ४१ झाले. इनसाइटचे ४९ आणि ६१. प्रियसच्या दोन आकड्यांमधले सात मैलांचे अंतर एकावर आले, तर इनसाइटचे नवावरून बारावर गेले.